वेशीबाहेरचा कंदील

सोमवारी सकाळी साडेसातला इस्राएलमधल्या अश्दोदहून सुनेचा फोन आला. योसेफ बंदरावर पाळीला उभा होता, छातीत कळ आली आणि इस्पितळाच्या दारापर्यंतसुद्धा पोचला नाही. वय एकोणपन्नास. सॉलोमन आपटेकरने मुलाच्या मरणाची ही बातमी गॅलरीत उभं राहून ऐकली, फोन बंद केला, आणि त्याच संध्याकाळी सहा वाजता आतल्या खोलीत जाऊन बायकोला मुलाची खुशाली सांगितली.

"तू झोपली होतीस म्हणून उठवलं नाही," तो म्हणाला. "मजेत आहे. तिकडे थंडी सुरू झालीय म्हणे."

जोकबेदच्या हृदयाची शस्त्रक्रिया होऊन एकोणीस दिवस झाले होते. महिनाभर हिला कसलाही धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरांनी घरच्यांना एका ओळीत उभं करून बजावलं होतं. डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य सॉलोमनने उभ्या जन्मात पाळलं नव्हतं, त्याच्या रक्तातली साखर त्याला साक्ष आहे. पण हे एक पथ्य तो एकोणऐंशीव्या वर्षी जिवापाड पाळायला निघाला.

खोट्या बातम्या सांगण्याचा त्याला सराव नव्हता असंही नाही. चाळीस वर्षं तो बसऱ्याच्या वेशीवर उभा राहून तेच करत आला होता.

हे बसरा शहर वसवलं त्याच्या आजोबांनी. दाजी आपटेकर पनवेलच्या पोस्टात तारबाबू होते. त्यांनी उंट पाहिला तो सर्कशीत, आणि वाळवंट म्हणजे उरणच्या मिठागरातलं पाणी आटलं की जे उरतं ते, अशी त्यांची समजूत. तरी त्यांनी 'संगीत बसऱ्याची वेस' नावाचं तीन अंकी नाटक लिहिलं आणि आपल्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातली मंडळी जमवून मशिदीच्या अंगणात उभं केलं. सिनेगॉगला तेव्हा सगळे मशीदच म्हणत, जुनी माणसं अजूनही म्हणतात. दाजींच्या बसऱ्यात नायिका मेहरू बुरख्याखाली नऊवारी नेसते आणि खलिफाच्या ताटात वालाचं बिरडं असतं. अरबी नाटकांचे कायदे मात्र दाजींनी कसोशीने पाळले. तिसऱ्या अंकात तोंड झाकून येणारा फकीर म्हणजेच परतलेला नायक, हे पुढच्या रांगेतल्या पोरापासून मागच्या रांगेतल्या म्हातारीपर्यंत सगळ्यांना ठाऊक. फक्त मेहरूला ते ठाऊक नसतं, आणि पद संपेपर्यंत तिने त्याला ओळखायचं नसतं. चांदणं मेहरू गायला लागल्यावरच पडतं. सगळ्या चांगल्या बातम्या गाण्यातून येतात.

आणि वाईट बातमी शब्दांत येत नाही. मरण वेशीच्या आत आणायचं नाही, हा दाजींचा स्वतःचा कायदा. काफिल्याबरोबर गेलेला मेहरूचा भाऊ दुसऱ्या अंकात वाटेतच मरतो. तेव्हा किस्सेवाला, म्हणजे गावोगावच्या हकिकती घेऊन येणारा म्हातारा, हातातला कंदील वेशीबाहेर ठेवतो, त्याची वात उतरवतो आणि म्हणतो, 'बाई, यंदा खजूर लवकर पिकले.' मेहरू विचारते, 'गोड आहेत?' तो म्हणतो, 'फार गोड. म्हणून तर लवकर उतरवले.' एवढंच. मेहरू रडत नाही. किस्सेवाला एक पद म्हणतो आणि पडदा पडतो.

किस्सेवाला आधी दाजी झाले, मग सॉलोमनचे वडील, मग सॉलोमन. पुढचा योसेफ व्हायचा होता, पण तो बावीस वर्षांपूर्वी इस्राएलला गेला. आणि जोकबेद लग्न होऊन आली त्या वर्षापासून प्रॉम्प्टर होती. पन्नास वर्षं ती विंगेत बसली आणि सगळं नाटक ओठांवर घेऊन गप्प राहिली. तिचाही एक कायदा होता. नट अडला तर पहिला शब्द द्यायचा, पुरं वाक्य द्यायचं नाही. नटाला हात द्यावा, कडेवर घेऊ नये, असं ती म्हणे.

तर सोमवारी ती खुशाली सांगून झाल्यावर सॉलोमन न्हाणीघरात गेला, दाराला कडी घातली आणि अंगातली गंजी उजव्या बाजूला टरकन फाडली. आईबापांसाठी डावीकडे फाडायचं, मुलासाठी उजवीकडे. मुलासाठी फाडायची वेळ येईल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. सात दिवस जमिनीवर बसावं, दाढी करू नये, लोकांनी भेटायला यावं, समाजातले दहा पुरुष जमवून बापाने मुलासाठी कादिशची प्रार्थना म्हणावी, हा रिवाज. यातलं काहीएक त्याला करता येणार नव्हतं. फाटक्या गंजीवर त्याने सदरा घातला आणि वरपर्यंत गुंड्या लावल्या.

मंगळवारी कामाला येणाऱ्या गोदूने ती गंजी धुऊन गॅलरीत वाळत घातली, आणि दुपारी त्याला विचारलं, "काका, ती गंजीची तं पार चिंधी झाली. लादी पुसाया घेऊ का?"

"नको," सॉलोमन म्हणाला आणि गंजी दोरीवरून ओढून घेतली. "मला पाहिजे ती."

"बरं. आन बाय काय आयकत नाय हां. पलंग टोचतंय म्हनते, गादी खाली घाला म्हनते. मी घातली."

आजारी माणसाचे हट्ट, असं म्हणून त्याने ते तिथेच सोडून दिलं.

बुधवारपासून त्याची दाढी दिसू लागली. जोकबेदने नुसतं पाहिलं, तेव्हा तोच घाईने म्हणाला, "यंदा हनुक्काच्या सणाला नाटकात खरीच दाढी ठेवतो. खोटीने खाज सुटते."

"ठेवा," ती म्हणाली.

बरोबर सहा वाजता तो भिंतीला टेकून तिच्या गादीशेजारी बसला. थंडी वाजते म्हणत तिने कालपासून शाल अंगावरून काढली नव्हती. दिवसभर बाजारात फिरताना त्याने आजची हकिकत रचून ठेवली होती.

"आज काय म्हणाला?"

"त्याचा फोन पाण्यात पडला. बंदरावर. म्हणून तोंड दिसत नाही, नुसता आवाज. दोस्ताच्या फोनवरून करतो."

"कुठल्या दोस्ताच्या?"

सॉलोमन अडला. योसेफच्या दोस्तांपैकी एकाचंही नाव त्याला आठवेना, आणि नवं रचायचं तर उद्या लक्षात राहायला हवं.

"तो कोचीवाला का?" जोकबेदने विचारलं. "त्याच्याच पाळीला असतो ना."

"हां. तोच तो. कोचीवाला."

"आणि जेवतो ना वेळेवर?"

"जेवतो. भात आणि..." पुन्हा गाडं अडलं.

"शुक्रवारसाठी उद्या मासे आणेल."

"उद्या आणतो म्हणाला. तिकडे मासे चांगले मिळतात."

साडेसहाला तो बाहेर आला तेव्हा सदरा घामाने भिजला होता. निभावलं, असं त्याला वाटलं. मग स्वयंपाकघरात जाऊन त्याने नळ मोठा सोडला आणि ओट्याला धरून रडला. रोज तसंच करायचा. नळाचा आवाज आत जाऊ नये म्हणून दार लावायचं मात्र त्याला सुचलं नाही.

गुरुवारी जोकबेदने आदिनाला हाक मारली. आदिना म्हणजे मुलगी, शाळेत शिक्षिका, राहायला नवीन पनवेलला. शाळा सुटली की रोज येऊन आईचं औषधपाणी बघायची.

"नाटक या रविवारी करा," जोकबेद म्हणाली.

"आई, नाटक हनुक्काला असतं. महिना आहे अजून."

"महिन्यानंतर मी असेन, नसेन. बाहेरच्या खोलीत करा. दारावर पडदा लावा, मी इथूनच प्रॉम्प्टिंग करते. चार वाजता ठेवा. आणि लिहून घे, बोलवायचं कोणाला ते."

आदिनाने वहीत लिहून घेतलं. पेणचा रूबेन आणि त्याचे दोघे मुलगे. अलिबागचे दोघे भाऊ. पनवेलमधली तीन घरं. ठाण्याचे मोझेसभाऊ.

"मोझेसभाऊ नाटकाला झोपतात, आई. मागच्या वेळी घोरत होते."

"झोपू दे. बोलव. आणि धनेशला पेटी घेऊन यायला सांग."

आदिना वही घेऊन स्वयंपाकघरात आली. तिथे सॉलोमन होता आणि त्याची थोरली बहीण सखूबाई. सखूबाई त्र्याऐंशीची, त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायची, आणि या घरातलं कोणतंही भांडण तिच्याशिवाय पुरं होत नसे. सोमवारी भांडण झालं ते असं की आदिना म्हणत होती आईला आजच सांगा, आणि सखूबाई म्हणत होती जीभ हासडीन. गुरुवारी ते बरोबर उलटं झालं.

"सात दिवसांत गाणं?" सखूबाई म्हणाली. "सॉलू, पोराची माती अजून ओली आहे आणि तू इथे पेटीवर पदं म्हणणार? अरे, सात दिवस माणूस नुसतं गाणं ऐकतसुद्धा नाही. आता मात्र तिला सांग. मी सांगते जाऊन."

"आत्या, नको," आदिना म्हणाली. "ती म्हणतेय, मी असेन, नसेन. एवढं एक मागितलंय तिने. आता सांगितलं आणि तिचं काही झालं तर?"

"तूच तर सांगा सांगा करत होतीस."

"करत होते. आता नाही करत."

"लोक काय म्हणतील? सगळ्यांना ठाऊक आहे. ते खुर्च्यांवर बसून काय टाळ्या वाजवणार?"

"त्यांना मी फोन करते. कोणी काही बोलणार नाही."

दोघी सॉलोमनकडे बघू लागल्या. तो पाटाजवळ उभा होता. पाटावर बसावंसं वाटत होतं, पण बसला की तो सुतकाला बसला असं होईल आणि मग उठवणार नाही, ही त्याला भीती.

"आक्का," तो शेवटी म्हणाला, "योसेफसाठी मला काही करता येत नाही. तो गेला. ही आहे. हिच्यासाठी गाईन आणि त्याची माफी मागेन."

सखूबाईने नाक पुसलं. "माफी तो देईल रे. तुझा गळा देईल का?" एवढं बोलून ती वर निघून गेली.

शनिवारी सकाळी सॉलोमन मशिदीत गेला. दहा पुरुष भरले तर कादिश म्हणून घ्यावी, निदान एकदा तरी मुलासाठी उभं राहावं, ही एकच आस त्याच्या जिवाला लागली होती. पनवेलचा समाज आता बोटांवर मोजण्याइतका, अर्धा तिकडे गेलेला, उरलेला म्हातारा. त्याला धरून चार जण भरले. अर्धा तास सगळे दाराकडे बघत बसले, मग एकेक जण त्याच्या खांद्यावर हात ठेवून गेला. त्या संध्याकाळी त्याने जोकबेदला सांगितलं की योसेफने नवा फोन घेतला, पण तो चालवायचा कसा ते अजून कळत नाही. ती हसली आणि म्हणाली, "वेंधळा आहे. लहानपणापासूनच."

रविवारी दुपारी धनेश नेऱ्याहून बांबू घेऊन आला. त्याचे वडील या नाटकाला पेटी वाजवत, आता तो वाजवतो. गावाकडे त्याची शेती होती, आता फार्महाऊस आहेत, पण बसऱ्याच्या वेशीचे बांबू दर वर्षी तोच तोडून आणायचा. बाहेरच्या खोलीत त्याने दोन बांबू उभे केले, वर एक आडवा बांधला. वेस झाली. चांदण्यासाठी पितळी परातीमागे दिवा लावला.

"काका," तो हळूच म्हणाला, "पद खालच्या पट्टीत घेऊ? नाहीतर नुसते सूर धरतो, तुमी बोलून टाका."

"काळी चार," सॉलोमन म्हणाला. "नेहमीची. तिला कळेल बदललं तर."

चारला माणसं आली. पळस्प्याला गाड्या तुंबल्यामुळे रूबेन आणि त्याचे मुलगे पंधरा मिनिटं उशिरा आले. सगळे दबक्या पावलांनी येत, आत डोकावून जोकबेदला "कशी आहेस?" विचारत आणि पटकन बाहेर येऊन खुर्ची पकडत. ती भिंतीला टेकून गादीवर बसली होती, खांद्यांवरून शाल गच्च लपेटून. प्रत्येकाला तिने नावाने हाक मारली आणि घरची विचारपूस केली. मोझेसभाऊ आले तेव्हा "बसा, जायचं नाही मधेच," असं बजावलं. मग गोदूने दारावरचा पडदा ओढला.

पहिला अंक सुरळीत पार पडला. मेहरूचं काम आदिना करत होती. सेहेचाळीस वर्षांची मेहरू कोणालाही खटकली नाही, दाजींच्या बसऱ्यात वयाची सूट सगळ्यांना होती. ती गायला लागली तसं परातीचं चांदणं पडलं. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. सखूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीत डोळे मिटून बसली होती आणि मोझेसभाऊ झोपले होते. दोनदा रूबेनचा धाकटा मुलगा वाक्य विसरला. दोन्ही वेळा पडद्याआडून पहिला शब्द आला, बरोबर त्याच्या कानापुरता, आणि गाडी पुढे गेली.

दुसऱ्या अंकात सॉलोमन काळा झगा घालून कंदील हातात घेऊन वेशीपाशी आला. सात दिवसांची पांढरी दाढी, फेटा, पायात वहाणा नाहीत. त्याने कंदील वेशीबाहेर ठेवला. खाली वाकून वात उतरवली. धनेशने काळी चारचा सूर धरला. आता ते वाक्य म्हणायचं, दोन उत्तरं द्यायची आणि गायला लागायचं.

'बाई' हा शब्द त्याच्या तोंडातून निघेना.

चाळीस वर्षांत त्याने हे वाक्य दुसऱ्याच्या मुलासाठी म्हटलं होतं. तो मुलगा कधी जन्मलाच नव्हता, तो दाजींनी फक्त मारण्यापुरता लिहिला होता. आता तोंड उघडलं तर वेशीच्या आत काय शिरेल ते त्याला दिसत होतं. समोर आदिना खाली जमिनीकडे बघत उभी होती. खुर्च्यांवरच्या बायकांनी पदर तोंडाला लावले होते. पेटीचा एकच सूर खोलीभर वाजत राहिला.

सॉलोमन पहिल्या शब्दाची वाट बघू लागला. पडद्याआड शांतता होती. इतका वेळ जोकबेद कधी थांबली नव्हती. तिला काही झालं की काय, असं मनात येऊन त्याने कंदील ओलांडून एक पाऊल टाकलं, आणि तेवढ्यात आतून आवाज आला. विंगेतला दबका आवाज नव्हे, तिचा नेहमीचा बोलण्याचा आवाज. आणि पहिला शब्द नव्हे, अख्खं वाक्य.

"बाई, यंदा खजूर लवकर पिकले."

मेहरूने विचारायचं होतं. आदिनाने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. तेव्हा मेहरूचं वाक्यही आतूनच आलं.

"गोड आहेत?"

सॉलोमनने प्रेक्षकांकडे पाठ केली आणि पडद्याकडे तोंड केलं. "फार गोड," तो म्हणाला. "म्हणून तर..." पुढचं त्याला म्हणता आलं नाही. आतूनही आलं नाही.

धनेशने सुरावरचं बोट उचललं, भाता मिटला आणि पेटीची कडी लावली. पद राहून गेलं.

सॉलोमन पडदा सारून आत गेला. जोकबेदने शाल काढून बाजूला ठेवली होती. तिच्या गाऊनचा गळा उजव्या बाजूला वीतभर फाटलेला होता. फाटलेल्या कडांचे दोरे निघाले होते, दोन ठिकाणी हळदीचा डाग होता. ते आजचं फाडलेलं नव्हतं.

तो तिच्याशेजारी जमिनीवर बसला.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"मंगळवारपासून. तुमची गंजी दोरीवर होती, या खिडकीसमोर. जुनी झाली की गंजी काखेत फाटते. छातीवर उजवीकडे सरळ फाटत नाही."

"दाढीचं तरी..."

"चाळीस वर्षं तुमची दाढी डिंकाने मीच चिकटवतेय. खाज सुटते म्हणून एकदाही बोलला नाहीत. आणि नळ फार मोठा सोडता हो तुम्ही."

सॉलोमनने तिचा हात धरला. गादी खाली का आली ते त्याला आत्ता कळलं. सहा दिवस हे दोघं एकाच घरात, एकमेकांपासून लपून, एकाच मुलाच्या सुतकाला बसले होते.

"छातीत काही..."

"काही झालं नाही. व्हावं अशी वाट पाहिली दोन दिवस. झालं नाही."

"मला सांगायचंस ना मग. मी रोज इथे बसून वाट्टेल ते..."

"नटाचं वाक्य चालू असताना प्रॉम्प्टर मधे बोलत नाही," जोकबेद म्हणाली. मग तिचा आवाज फाटला आणि ती त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडू लागली. "आणि सहा ते साडेसहा तो जिवंत असायचा हो. फोन पाण्यात पाडायचा, मासे आणायचा. मला ते हवं होतं. म्हणून मीच विचारत होते, पुढे काय, पुढे काय."

तोही रडला. या वेळी नळ सोडला नाही. बाहेर कोणी हललं नाही. थोड्या वेळाने खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि सखूबाईचं कण्हणं ऐकू आलं. त्र्याऐंशीव्या वर्षी ती खुर्चीवरून उतरून जमिनीवर बसत होती. तिच्यामागोमाग एकेक खुर्ची सरकली.

जोकबेदने डोळे पुसले. "तिसरा अंक नको आज," ती म्हणाली. "तिसऱ्या अंकात तो परत येतो."

"नाही करत."

"बाहेर मोजलंत का?"

"काय?"

"माणसं मोजा."

सॉलोमनने पडदा बाजूला केला. बसऱ्याच्या वेशीपलीकडे सगळे जमिनीवर बसले होते. पेणचा रूबेन, त्याचे दोघे मुलगे. अलिबागचे दोघे भाऊ. पनवेलच्या तीन घरांतले तीन पुरुष. ठाण्याचे मोझेसभाऊ, एकटेच अजून खुर्चीत, मान छातीवर टाकून. नऊ. त्याने पुन्हा मोजले. मग दहावा कोण ते त्याच्या लक्षात आलं.

तो बायकोकडे वळला.

"हनुक्कापर्यंत थांबले असते तर सात दिवस टळून गेले असते," ती म्हणाली. "आणि नाटकाला या म्हटल्याशिवाय ठाण्याहून कोण येतो? जा. मोझेसभाऊंना उठवा."

सॉलोमनने किस्सेवाल्याचा झगा उतरवला. आत ती गंजी होती, फाटलेली बाजू सगळ्यांना दिसेल अशी. त्याने फेटा काढून टोपी घातली. आदिनाने मोझेसभाऊंना हलवून जागं केलं, तेव्हा ते दचकून "संपलं का?" म्हणाले आणि समोर सॉलोमनला पाहून निमूट उभे राहिले. गोदूने पडदा पूर्ण सरकवला. कंदील कोणी हलवला नाही, तो वेशीबाहेर तसाच राहिला.

नऊ पुरुष उभे राहिले. सॉलोमन त्यांच्या पुढे उभा राहिला आणि मुलासाठी कादिश म्हणू लागला. पहिली ओळ त्याने नीट म्हटली. दुसऱ्या ओळीत त्याचा आवाज अडला आणि पुढे येईना.

आतून शब्द आला. एकच, कानापुरता. सॉलोमनने तो घेतला आणि पुढे म्हणू लागला.